चिकित्सेच्या चतुष्पादातील उपस्थाता आणि तृतीयपंथी रुग्ण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थात्याच्या ठायी उपचारज्ञता, दाक्ष्य, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच असावे, अशी तेथे अपेक्षा आहे. आज द्रव्य प्रत्यक्ष रुग्णाच्या हाती ठेवणारी व्यक्ती म्हणजे औषधांच्या दुकानातील फार्मासिस्ट होय. उपस्थात्याच्या कर्तव्याचा मोठा भाग आता त्याच्याकडे आला आहे, असे आमचे मत आहे. यांतील अनुराग या गुणाची खरी परीक्षा तृतीयपंथी रुग्ण दुकानाची पायरी चढतो तेव्हा होते.

हा विषय महानगरांचा आहे, जुन्नर-आंबेगावचा त्याच्याशी संबंध काय, अशी शंका काही वैद्यबंधू घेतील. २०११ च्या जनगणनेत स्त्री वा पुरुष याऐवजी ‘इतर’ अशी नोंद झालेल्यांची संख्या देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ होती. ही सर्व माणसे मुंबई-पुण्यातच राहतात असे मानण्यास आधार नाही. पिंपळवंडी, आळेफाटा, नारायणगाव, मंचर या परिसरातील अशा व्यक्तीला अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाचा सल्ला हवा असेल, तर बहुधा पुणे किंवा नाशिकच गाठावे लागते. प्रवासखर्च, बुडणारी मजुरी आणि रुग्णालयाच्या रांगेतील नजरा यांचा विचार करून ती जवळचे औषधांचे दुकान पसंत करते. तेच तिचे पहिले आणि पुष्कळदा एकमेव चिकित्सालय ठरते.

येथूनच धोका सुरू होतो. स्त्रीदेहाची लक्षणे यावीत म्हणून अनेकजणी संततिनियमनाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने, दिवसाला अनेक, अशा घेतात. या गोळ्या चिठ्ठीवाचून सहज मिळतात. त्यांतील एथिनिल इस्ट्राडायॉल हे कृत्रिम संप्रेरक शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढवते. तंबाखूचे धूम्रपान असल्यास हृदय व मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाही अपाय संभवतो. पारलिंगी आरोग्याच्या जागतिक व्यावसायिक संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठव्या मार्गदर्शक आवृत्तीत या कामासाठी हे द्रव्य वापरू नये, असे सांगितले आहे. त्यामानाने सुरक्षित असे इस्ट्राडायॉल मात्र चिठ्ठीविना देता येत नाही. म्हणजे नियम पाळून आलेल्यास अडथळा आणि अधिक घातक मार्गास मोकळीक, अशी विपरीत स्थिती निर्माण झाली आहे.

आम्हा वैद्यांचाही याच्याशी थेट संबंध आहे. पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव रोखण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन हे औषध दिले जाते. त्याने रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. आपण नित्य वापरतो ती यष्टिमधु अधिक मात्रेत व दीर्घकाळ घेतल्यास उलट परिणाम करते : पोटॅशियम घटते, सोडियम साठते, रक्तदाब वाढतो. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन इस्ट्रोजेनचा प्रभाव कमी करते. मग गुण येत नाही म्हणून रुग्ण गोळ्यांची संख्या वाढवतो. ‘सध्या आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ हा प्रश्न विचारलाच नाही, तर यांपैकी काहीही कळणार नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर कुचेष्टा असेल, तर खरे उत्तरही मिळणार नाही.

आपल्या ग्रंथांच्या आधारे या व्यक्तींना ‘क्लैब्य’ हे निदान चिकटविण्याची प्रवृत्ती आम्हांस अयोग्य वाटते. चरकांनी शारीरस्थानात द्विरेतस्, नरषण्ड, नारीषण्ड आदी आठ प्रकार वर्णिले, ते बीजदोष व प्रजननसामर्थ्य यांच्या विवेचनात. व्यक्ती स्वतःस स्त्री मानते की पुरुष, हा त्या विवेचनाचा विषय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याधिवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीनेही, जी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, ही अवस्था मनोविकारांच्या प्रकरणातून वगळली आहे. वाजीकरण योग देऊन हा ‘दोष’ दूर करतो, असे आश्वासन कोणी वैद्य देत असेल, तर तो शास्त्राची प्रतिष्ठा कमी करतो.

कायद्याची दिशा स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांच्या मूलभूत हक्कांना मान्यता दिली. २०१९ च्या अधिनियमाने आरोग्यसेवेत त्यांच्याशी भेदभाव करण्यास मनाई केली. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी रुग्णसमुपदेशन हे फार्मासिस्टच्या कर्तव्यात अंतर्भूत केले. तथापि दुकानातील गर्दीत मोठ्याने विचारलेला एक प्रश्न या सर्व तरतुदी निष्फळ करू शकतो. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, ही शिकवण चरकांनी विमानस्थानातील शिष्योपदेशात दिली आहेच.

चिठ्ठीविना संप्रेरके द्यावीत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु ‘मिळणार नाही’ एवढे सांगून रुग्णास परत पाठविणे म्हणजे त्यास दुसऱ्या दुकानाकडे आणि अधिक अविचारी मात्रेकडे ढकलणे होय. यावर आम्ही पुढील मार्ग सुचवितो. फार्मासिस्टने रुग्णास बाजूला घेऊन, त्याने सांगितलेल्या नावाने संबोधून, चालू औषधांची चौकशी करावी. पायाला एकाएकी सूज, पोटरीत वेदना, छातीत दुखणे वा श्वास लागणे ही लक्षणे असल्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. एरवी परिचित वैद्य वा डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलून रक्तदाब, यकृत व पोटॅशियमची तपासणी करवून घ्यावी आणि तज्ज्ञाकडे जाण्यास चिठ्ठी मिळवून द्यावी. २०२२ मध्ये केंद्राने आयुष्मान भारत योजनेत तृतीयपंथीयांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची, संप्रेरकोपचारासह, तरतूद जाहीर केली. तिची माहितीही दुकानात मिळावी.

आळेफाटा ते मंचर या पट्ट्यातील वैद्य आणि औषधविक्रेते यांनी एकदा एकत्र बसून तज्ज्ञांचे पत्ते व धोक्याची लक्षणे यांचे एक पानी टिपण तयार करावे. त्यास फारसा खर्च नाही. सभासदांनी या विषयातील आपले अनुभव, रुग्णाची ओळख पूर्णतः गुप्त राखून, आम्हांस अवश्य कळवावेत.