रक्ताची शिवाशीव

आमच्या वस्तीतील एक मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होऊन मुंबईच्या एका वैद्यकीय संशोधन प्रयोगशाळेत फ्लो सायटोमेट्रीचे काम करते. परवा तिला पाहुणे पाहून गेले. सारे पसंत पडले. पण ती एच.आय.व्ही. बाधितांचे रक्त तपासते हे कळताच निरोप आला, "मुलीने ते काम सोडावे, मग पुढचे बोलू."

आम्ही पडलो कारकून, बी.कॉम. झालेले. हे काम काय असते ते आम्ही तिलाच विचारले.

ती म्हणाली, "काका, चमकणारा रंग लावलेली प्रतिपिंडे आम्ही रक्तात मिसळतो. ती ठराविक पेशींनाच चिकटतात. मग पेशी बारीक धारेतून एकामागून एक लेझर किरणासमोरून जातात. विखुरलेल्या प्रकाशावरून पेशीचे आकारमान कळते, रंगावरून तिची जात."

'जात' शब्दावर आम्ही दोघेही हसलो.

हे यंत्र सेकंदाला हजारो पेशी मोजते. पण एका रंगाचा प्रकाश दुसऱ्यात मिसळतो, तो वजा करावा लागतो; मेलेल्या पेशी वगळाव्या लागतात. आमच्या खतावणीतील दुबार नोंद काढण्यासारखेच हे! हिशेब चुकला तर निदान चुकते. रक्ताच्या कर्करोगाचा प्रकारही याच पद्धतीने ओळखतात.

निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात सी.डी.४ पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. एच.आय.व्ही. बाधितात त्या २०० च्या खाली गेल्या की जीवघेण्या आजारांचा धोका फार वाढतो. २००४ साली सरकारने मोफत औषधे सुरू केली, तेव्हा ती कोणाला द्यायची हे बरेचसे याच आकड्यावर ठरे. २०१७ पासून आकडा कितीही असो, औषध मिळते. तरी रोग किती पुढे गेला हे कळायला तपासणी लागतेच.

आम्ही मुलाच्या घरी गेलो. हा विषाणू स्पर्शाने पसरत नाही, प्रयोगशाळेत हातमोजे आणि सुरक्षेचे नियम असतात, हे सांगितले. शेवटी विचारले, "शिवाशिवीचे चटके ज्यांच्या आजा-पणजांनी सोसले, त्यांनीच आजाऱ्याच्या रक्ताची शिवाशीव पाळायची काय?" मुलाचे वडील खाली मान घालून बसले.

उत्तर अजून आलेले नाही. मुलगी मात्र सोमवारी नेहमीच्या लोकलने कामावर गेली. वाचकहो, आपल्या घरी असे स्थळ आले तर नकाराआधी त्या कामाची नीट चौकशी करा, एवढीच आमची विनंती.