एका रात्रीत तोंड वाकडे झाले तर

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एकाच कडेने गळते. चहाचा घोट सदऱ्यावर सांडतो. घरचे बघतात तर तोंड एका बाजूला ओढलेले आणि दुसऱ्या बाजूचा डोळा मिटतच नाही. मग घरात एकच गोंधळ उडतो. कोणी म्हणते वारे गेले, कोणी म्हणते बाहेरचे लागले, तर कोणी रात्री मळ्यात उघड्यावर झोपल्याबद्दल बोल लावते.

वरून सारखी दिसणारी ही दुखणी दोन आहेत. एक मेंदूचे, म्हणजे अर्धांगवायूचा झटका. दुसरे चेहरा हलवणाऱ्या नसेचे. चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्याने १८२१ साली या नसेचे काम मांडले. म्हणून डॉक्टर या दुखण्याला 'बेल्स पाल्सी' म्हणतात.

फरक कपाळावर कळतो. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम मिळतो. त्यामुळे मेंदूच्या झटक्यात तोंड वाकडे झाले तरी कपाळाला बहुधा आठ्या पडतात. नसच बिघडली असेल तर त्या बाजूची भुवई उचलत नाही आणि कपाळ गुळगुळीत राहते. रोग्याला समोर बसवून भुवया वर करायला व डोळे घट्ट मिटायला सांगा. पण एवढ्यावर घरीच निकाल लावू नका. हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे समजेना, तोल जाऊ लागला, एकाचे दोन दिसू लागले किंवा डोके असह्य दुखू लागले, तर तडक १०८ ला फोन करा. मेंदूतली गाठ विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही डोक्याचा सीटी स्कॅन झाल्यावर.

आता नसेकडे वळू. ही नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येते. ती सुजली की तिथेच आवळली जाते. सूज का येते हे पुष्कळदा सापडत नाही. ओठावर पुटकुळ्या आणणाऱ्या विषाणूवर संशय आहे. कानामागे दुखणे, जिभेची चव जाणे, आवाज मोठा वाटणे हीही तिचीच लक्षणे. मधुमेही माणसाला आणि गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, हे दुखणे जास्त होते.

औषध आहे, पण वेळेत हवे. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्यात. स्कॉटलंडमधल्या २००७ सालच्या अभ्यासात ही गोळी घेणाऱ्या १०० पैकी ९४ जण नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले, न घेणाऱ्यांपैकी ८२. मात्र दुकानातून परस्पर आणू नका. या गोळीने साखर चढते. मधुमेह, क्षयरोग, पोटातला व्रण किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

वरचे आकडे नीट पाहिलेत तर एक गोष्ट ध्यानात येईल. गोळी न घेताही बहुतेक जण बरे होतात. म्हणूनच कबुतराचे रक्त चोळणाऱ्याचे आणि अंगारा देणाऱ्याचे नाव होते. कबुतर मात्र जिवाला मुकते.

खरा धोका डोळ्याला असतो. पापणी मिटत नाही, बुबुळ कोरडे पडते, त्यात मळणीचा भुसा आणि धूळ. जखम होऊन फूल पडले की तोंड सरळ होऊनही नजर गेलेली असते. दिवसा डॉक्टरांनी दिलेले ओलावा राखणारे थेंब वारंवार घाला. बाहेर पडताना चष्मा लावा. रात्री मलम घालून पापणी पूर्ण मिटवा व वरून चिकटपट्टी लावा. पापणी अर्धवट उघडी राहिली तर पट्टीच बुबुळाला घासते. मध, कांद्याचा रस असले काही डोळ्यात घालू नका. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा अंधुक दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घास गालात अडकतो, म्हणून जेवणानंतर बोट फिरवून चूळ भरावी. हलका हात फिरवायला हरकत नाही.

प्रत्येक वाकडे तोंड बेल्स पाल्सी नसते. कान वाहत असेल, कानात नागिणीसारखे फोड आले असतील, अंगावर बधिर चट्टा असेल (कुष्ठरोगातही ही नस बिघडते) किंवा तोंड हळूहळू काही आठवड्यांत वाकडे होत गेले असेल, तर कारण वेगळे आणि उपचारही वेगळे. तीन आठवड्यांत काहीच फरक दिसला नाही, तर कान-नाक-घशाच्या किंवा मेंदूविकाराच्या तज्ज्ञांकडे जावे.