शाळेच्या अंगणातले पेव्हर ब्लॉक उखडा!

भिवंडी शहरातल्या आणि तालुक्यातल्या पालकांनो, शिक्षकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो,

मुलांच्या ताटातलं अंडं कसं गेलं ते तुम्ही पाहिलंच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने ठरवलं की आठवड्यातून एकदा शाळेत अंडं द्यायचं. जानेवारी २०२५ मध्ये दुसरा निर्णय निघाला: अंड्यांना आणि साखरेला सरकारी पैसा मिळणार नाही, अंडा पुलाव, खीर, नाचणीचं सत्त्व द्यायचं असेल तर शाळांनी लोकसहभागातून द्यावं. हे लोक म्हणजे कोण? पाड्यावरची जी आई दिवाळीनंतर मुलं घेऊन वीटभट्टीवर जाते ती, आणि गोदामात दिवसभर पाठीवर खोकी वाहतो तो बाप. यांच्याकडून अंड्याचे पैसे मागायचे असा हा निर्णय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या १०० मुलांपैकी ३५ मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली आणि जवळपास ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी निघालं. हीच मुलं पुढे पहिलीत येतात. त्यांच्या ताटातलं अंडं काढलं गेलं याचा संताप तुम्हालाही आहे, म्हणून त्यावर जास्त कागद खर्च करत नाही.

हे पत्रक पेव्हर ब्लॉकबद्दल आहे.

अंड्यासाठी ज्या शाळेला पैसा नाही, तिच्याच अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवायला पैसा निघतो. कधी ग्रामपंचायतीचा, कधी कुणाच्या विकास निधीचा, कधी गोदामवाल्याच्या देणगीचा. हे काम बहुतेक वेळा मुलं घरी असतात तेव्हा होतं. मे महिन्यात शाळेला कुलूप असतं, ट्रॅक्टर येतो, माती खरवडून बाहेर टाकली जाते, कच पसरते, ठोकळे लागतात, भिंतीवर नावाची पाटी लागते. जूनमध्ये मुलं येतात तेव्हा अंगण लाल-पिवळं, चकचकीत झालेलं असतं. त्यात बोट खुपसायला जागा उरत नाही. आधी तिथे एखादा शेवगा किंवा दोडक्याचा मांडव असलाच, तर तो ‘अडथळा’ म्हणून गेलेला असतो.

हा एवढा हव्यास कशापायी? सरळ कारण आहे. ठोकळ्यांचं मोजमाप होतं. चौरस फूट लिहिता येतात, अंदाजपत्रक होतं, बिल निघतं, ३१ मार्चच्या आत निधी संपवता येतो, फोटो काढता येतो. माठाच्या वाफ्याचं बिल निघत नाही. कंटोळीच्या वेलावर कुणाच्या नावाची पाटी लावता येत नाही. ज्या कामातून कुणाला काही सुटत नाही ते काम आपल्याकडे काम गणलं जात नाही, आणि त्या हिशेबापायी आपण मुलांच्या पायाखालची जमीन पुरून टाकली. याला विकास म्हणणाऱ्यांनी जुलैच्या दुपारी पाऊस उघडल्यावर त्या अंगणात दहा मिनिटं अनवाणी उभं राहावं.

आता ही जमीन कसली आहे ते बघा. आपल्या तालुक्यात पाऊस दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली, वळ ही भातखाचरांची गावं होती. आज तिथे देशभरचा माल साठवणारी गोदामं उभी आहेत. तो व्यवहार झाला. जमिनी गेल्या, त्या परत येणार नाहीत. पण शाळेचा गुंठाभर तुकडा कुणी विकलेला नव्हता. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. गोदामांच्या गावातल्या मुलाला माती दिसेल अशी तेवढी एकच हक्काची जागा उरली होती, आणि तीही आपण आपल्या हाताने झाकली.

आपली शाळा जूनच्या मध्यावर उघडते. कोकणपट्टीत पेरणीचा तोच मुहूर्त. पहिल्या आठवड्यात मुलांनी भेंडी, काकडी, दोडका, लाल माठ लावला तर महिन्याभरात माठ काढणीला येतो, श्रावणात वेल मांडवावर असतात आणि गणपतीच्या सुट्टीपर्यंत भेंडी तोडून तोडून मुलं कंटाळतात. पाणी घालायला कुणी लागत नाही. भातकापणी झाली की ओलीवर वाल टाकायचा, मेथी-मुळ्याचे वाफे करायचे. मार्चअखेर सगळं आटोपतं. उन्हाळ्यात जमीन मोकळी, शाळा बंद. शाळेचं वर्ष आणि शेतीचं वर्ष इतकं जुळतं आहे, तरी ‘मे महिन्यात पाणी कोण घालणार’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारला जातो. विचारणाऱ्यांचे आजोबा भातशेती करत होते. त्यांना मे महिन्यात शेतात काय असतं हे खरंच माहीत नाही?

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी मिळावी, सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम, असा नियम आहे. तांदूळ फुकट येतो. डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला, इंधन या सगळ्यासाठी मे २०२५ पासून लहान मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्या मुलामागे १० रुपये १७ पैसे धरले आहेत. पावसाळ्यात भाजीचे भाव चढले की या पैशातून पहिला बळी भाजीचा जातो. खिचडीत बटाट्याचे चार तुकडे दिसतात, कधी तेही नाहीत. १०० मुलांच्या शाळेला रोज ५ किलो भाजी लागते. गुंठाभर वाफे ती सगळी पुरवणार नाहीत, आणि पुरवतील असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण आठवड्यातून दोनदा ताजा पाला, वर्षभर शेवग्याच्या डहाळ्या, कढीपत्ता, पपई, आणि हात धुण्याच्या पाण्यावर अळू एवढं निश्चित निघतं. १०० मुलांनी हात आणि ताट धुताना प्रत्येकी एक लिटर पाणी वापरलं तरी १०० लिटर होतं. आज ते ठोकळ्यांवरून वाहत गटारात जातं.

आणि पोटापलीकडचं जे आहे, ते तर मोजायलाही कुणी बसत नाही. दाभाड, अंबाडी, वज्रेश्वरीकडच्या शाळांत वारली, कातकरी, मल्हार कोळी घरांतली मुलं येतात. पहिला पाऊस पडला की शेवळं कुठे उगवतात हे त्यांना ठाऊक असतं. ती खाजरी असतात, म्हणून काकडाची आंबट फळं घालूनच शिजवायची, हेही ठाऊक असतं. टाकळा कोवळा असताना कधी खुडायचा, कुर्डू कुठे, भारंगीची फुलं कशी धुवायची, फोडशीचा कोणता भाग टाकायचा, कंटोळीचा कंद कुठे जपायचा, ही सगळी विद्या नऊ-दहा वर्षांच्या पोरीकडे असते. त्यांच्या आया याच रानभाज्या भिवंडी-कल्याणच्या बाजारात आणून विकतात आणि शहरातले जाणते लोक घासाघीस करून घेतात. ही मुलगी वर्गात बसली की मात्र तिला काहीच येत नाही असं आपण धरून चालतो. तिच्या प्रगतिपुस्तकात या विद्येला रकाना नाही. शाळेत एक वाफा असता, त्याच्या कडेला टाकळा-कुर्डू उगवू दिला असता, तर त्या तासाला ती गुरुजींना शिकवणारी ठरली असती. ठोकळ्यांखाली आपण ती संधी गाडली, आणि माझा सगळ्यात मोठा राग याच गोष्टीचा आहे.

हे मी नवं काही सांगत नाही. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये गेलेल्या भागात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभारलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं गुरं राखायला रानात जातात, शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी कुरणशाळा काढली: गुरं चरतात तिथेच शिकवायचं, दगड, बिया, पानं हीच साधनं. त्याच्याही आधी, ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण ही मांडणी झाली होती. सेवाग्रामचं आनंद निकेतन आजही शेती आणि स्वयंपाक हे शिक्षणाचं अंग मानून शाळा चालवतं. ब्राझीलने २००९ मध्ये कायदाच केला की शाळेच्या जेवणासाठीच्या केंद्रीय पैशापैकी निदान ३० टक्के रक्कम छोट्या शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यात जायला हवी. आपल्याकडेही शालेय पोषण बागांच्या मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये निघाल्या, परसबागेच्या स्पर्धा होतात. कागद कमी नाहीत. पण स्पर्धेची तपासणी येणार म्हणून आठवडाभर आधी रोपवाटिकेतून कुंड्या आणायच्या, ठोकळ्यांवर मांडायच्या, फोटो पाठवायचा आणि पथक गेलं की कुंड्या वाळू द्यायच्या, याला बाग म्हणत नाहीत. ही मुलांच्या डोळ्यांदेखत केलेली लबाडी आहे, आणि मुलं ती शिकतात.

आता नेहमीचे आक्षेप.

‘चिखल होतो.’ होतो. फाटकापासून वर्गापर्यंत चार फुटांची वाट बांधा, व्हरांड्यासमोर परिपाठापुरती जागा बांधा. त्याला कुणाचीच हरकत नाही. उरलेल्या अंगणाने काय गुन्हा केला?

‘साप येतात, डास होतात.’ साप येतो तो शाळेमागच्या राडारोड्याच्या ढिगात आणि उंदरांच्या मागे. डास होतात साचलेल्या पाण्यात, आणि पाणी न मुरणाऱ्या जागीच साचतं. दर पावसाळ्यात कामवारी नदी फुगली की तीन बत्तीच्या बाजारात पाणी शिरतं हे भिवंडीकराला सांगावं लागू नये.

‘गुरुजींना आधीच कामं कमी आहेत का?’ हा आक्षेप खरा आहे. निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती यांत शिक्षक पिचले आहेत. म्हणूनच आमची मागणी आहे की बागेचं एकही रजिस्टर ठेवू नये, एकही फोटो अपलोड करायला लावू नये. वाफ्याचं क्षेत्रफळ काढणं हे गणित आहे, बी रुजताना बघणं हे परिसर अभ्यास आहे. तास तोच राहतो, फक्त वर्गाबाहेर होतो. आणि हे काम स्वयंपाकी ताईंच्या गळ्यातही फुकट मारू नका. केंद्राकडून त्यांना धरलेलं मानधन २००९ पासून महिना १००० रुपये आहे, तेही वर्षातले दहा महिने. त्यांनी बागेत तास दिला तर त्याचे पैसे द्या.

‘आम्ही मुलांना शेतकरी करायला शाळेत पाठवत नाही.’ हे बोलणाऱ्या बापाचा मी अपमान करणार नाही. ज्याने उन्हात राबून पोराला शाळेत घातलं त्याला पोराच्या हातात फावडं बघवत नाही, हे बरोबरच आहे. म्हणून दोन अटी पाळल्याच पाहिजेत. बागेत रोज अर्ध्या तासापेक्षा जास्त काम नाही, आणि पाळी सगळ्यांची: सरपंचाच्या मुलाची, गुरुजींची, मुख्याध्यापकांची. खणायला कातकरी पोरं आणि फोटोला बाकीचे, असं जिथे होईल तिथली बाग आम्हीच बंद पाडू.

‘मग सरकारने अंडं द्यायला नको, मुलंच भाजी पिकवतील?’ असा अर्थ काढणाऱ्याने हे पत्रक पुन्हा वाचावं. अंड्याचा पैसा सरकारने द्यायलाच हवा. माठात अंड्याची प्रथिनं नाहीत. आम्हाला दोन्ही हवं आहे.

शहरातल्या शाळांचं वेगळं आहे. यंत्रमागांच्या खडखडाटात, गल्लीतल्या दुमजली इमारतीत भरणाऱ्या मराठी, उर्दू, तेलुगू शाळांना अंगणच नाही. तिथे गच्ची आहे. गाळणी लावलेले जुने ड्रम, फोडलेली पिंपं, माती आणि शेणखत एवढ्यावर अंबाडी, पुदिना, मेथी, मिरची येते. तेलुगू घरांत अंबाडीच्या पाल्याचा गोंगुरा रोजच्या जेवणात असतो, उर्दू शाळेतल्या घरांत पुदिना-कोथिंबिरीशिवाय पान हलत नाही. कोणती भाजी लावायची हे त्या आयांना विचारा. गच्चीला वजन पेलेल का एवढं अभियंत्याकडून आधी तपासून घ्या.

तुमच्या हातात काय आहे तेही सांगतो. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. पुढच्या बैठकीत ठराव मांडा: समितीच्या लेखी संमतीशिवाय अंगणात एक ठोकळाही बसणार नाही, आणि बसलेल्यांपैकी निदान एक गुंठा मे महिन्यात उखडला जाईल. इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्या. अंगणावर आजवर किती खर्च झाला, कोणत्या निधीतून झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लागतं. मिळालेलं उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवा.

उखडलेले ठोकळे फेकू नका, वाफ्यांच्या कडेला लावा. खालची कच काढून खाचरातली माती आणि कुजलेलं शेणखत टाका. बियाणं दुकानातून आणू नका. वालाचं, काकडीचं, लाल माठाचं बी प्रत्येक पाड्यावर कुणा ना कुणा म्हातारीच्या मडक्यात राखेत ठेवलेलं असतं. मृग निघायच्या आधी तिच्याकडे जा.