फार्मासिस्टची जागा वॉर्डात

सरकारी रुग्णालयातला फार्मासिस्ट आपल्याला दिसतो तो खिडकीच्या जाळीआड. केसपेपर वाचायचा, गोळ्या मोजून द्यायच्या, साठ्याची नोंदवही भरायची. पण दाखल रुग्णाच्या औषधांतले बरेचसे घोळ त्या खिडकीपासून लांब, वॉर्डात होतात. रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन चालू असलेल्याला जुलाबांसाठी मेट्रोनिडॅझोल लिहिले जाते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. किडनी मंदावलेल्याला अमिकासिनचा नेहमीचाच डोस जातो आणि उरलीसुरली किडनीही धोक्यात येते. आठवड्यातून एकदाच घ्यायचे मेथोट्रेक्सेट डिस्चार्ज कार्डावरच्या घाईच्या अक्षरामुळे रोज घेतले गेले, तर माणूस दगावूही शकतो. ही सगळी औषधे आपापल्या जागी उत्तम आहेत. घात होतो तो जोडीने, मात्रेने, वेळेने. आणि नेमके हेच तपासायला शिकलेला माणूस राऊंडला हजर नसतो.

तो हजर असला तर काय होते, हे बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने पाहिले. तिथल्या आयसीयूत डॉक्टरांच्या सकाळच्या राऊंडला एक ज्येष्ठ फार्मासिस्ट जाऊ लागला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, औषध लिहिण्यातल्या चुकांमुळे होणाऱ्या, टाळता येण्याजोग्या इजा दर हजार रुग्ण-दिवसांमागे १०.४ वरून ३.५ वर आल्या. ‘डॉक्टर कुणाचे ऐकून घेणार?’ या शंकेचे उत्तरही तिथेच मिळते: फार्मासिस्टच्या ३६६ सूचनांपैकी ३६२ डॉक्टरांनी मान्य केल्या. हा अनुभव एका अमेरिकी आयसीयूचा आहे, आपल्या खच्चून भरलेल्या वॉर्डांना तो जसाच्या तसा लागू होणार नाही, हे खरे. पण एका निवासी डॉक्टरवर जितके जास्त रुग्ण, तितकी दुसऱ्या नजरेची गरज अधिक.

हे काम संगणक करील, असेही सांगितले जाते. तो मदत करतोच; मात्र प्रत्येक औषधावर धोक्याची सूचना झळकू लागली की थकलेला डॉक्टर न वाचताच ती बंद करतो. शिवाय आजोबा घरी कोणता काढा घेतात, हे नातेवाईकांना खोदून विचारल्याशिवाय कळत नाही. राहिला खर्च. एका पगाराचा हिशेब मांडणाऱ्यांनी रक्तस्राव झालेल्या रुग्णाने आयसीयूत काढलेले जादा दिवसही त्यात धरावेत. माणसे नाहीत म्हणावे, तर सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आपल्याकडे २००८ पासून आहे. त्याचे शेवटचे वर्ष रुग्णालयातल्या इंटर्नशिपचे असते. एवढे शिकवून त्यांच्यासाठी पदेच काढायची नाहीत, हा शुद्ध करंटेपणा आहे. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने निदान प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आयसीयूसाठी क्लिनिकल फार्मासिस्टचे एक पद मंजूर करावे, आणि त्याला भांडाराच्या कामाला जुंपू नये.