पेढीचा प्रवास आणि त्याचा हिशेब

व्यापाऱ्याच्या वहीत प्रवासखर्च या सदराखाली सहसा तीनच रकमा आढळतात: भाडे, मुक्काम आणि जेवण. चौथी रक्कम कोणी लिहीत नाही. मालक परगावी असताना दुकानात अडून राहिलेले निर्णय, लांबलेली वसुली आणि रिकाम्या हाताने परतलेले गिऱ्हाईक, ही ती रक्कम होय. म्हणून प्रवासात बचत करावयाची असेल, तर तिकिटावर शंभर-दोनशे रुपये वाचवण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: ही फेरी आवश्यक आहे काय, आणि असल्यास ती किती दिवसांत पुरी व्हावी?

परगावचा मुक्काम भांडवल कसे खातो, याचे एक जुने उदाहरण जैन ग्रंथसंपदेतच आहे. कविवर बनारसीदास यांचा जन्म १५८६ मध्ये जौनपूर येथे झाला. १६४१ मध्ये लिहिलेल्या ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या व्यापारी फेऱ्यांची हकीकत मोकळेपणाने सांगितली आहे. तरुणपणी ते माल घेऊन आग्र्यास गेले. तेथे काही ऐवज हरवला, काही माल तोट्यात गेला, मुक्काम लांबत राहिला आणि अखेर एका कचोरीवाल्याकडे कित्येक महिने उधारीवर जेवण्याची वेळ आली. हिशेब न ठरवता परगावी राहणारा व्यापारी आजही याच वाटेने जातो; फरक इतकाच, की आता ती उधारी क्रेडिट कार्डावर चढते.

जळगावच्या एखाद्या साडीच्या दुकानाचे उदाहरण घेता येईल. तेथून अमळनेर, नंदुरबार या मार्गाने रेल्वे थेट सुरतेस जाते. समजा, वर्षाला आठ फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीस दोन दिवस जातात आणि भाडे, मुक्काम, जेवण, रिक्षा मिळून ६,००० रुपये लागतात. वर्षाचा खर्च ४८,००० रुपये झाला. प्रत्येक फेरीत तिकिटावर २०० रुपये वाचवले, तर वर्षाअखेर १,६०० रुपये हाती राहतील. परंतु ठरलेल्या मालाची पुनर्मागणी फोनवर केली, किरकोळ नमुने कुरिअरने मागवले आणि लग्नसराई, दिवाळी व नव्या व्यापाऱ्याशी पहिला व्यवहार एवढ्यासाठीच स्वतः जाण्याचे ठरवले, तर आठाच्या पाच फेऱ्या होतील. तेव्हा वाचतील १८,००० रुपये आणि दुकानाचे सहा दिवस.

फेरीचे मोल खरेदीशी जोडून पाहावे. दोन लाखांच्या खरेदीवर ६,००० रुपये प्रवासखर्च म्हणजे शेकडा तीन. तोच खर्च साठ हजारांच्या खरेदीवर पडला, तर शेकडा दहा. म्हणजे घासाघीस करून भाव उतरवलेला माल प्रवासानेच पुन्हा महाग केला. पोत आणि रंग हाताने पाहिल्याशिवाय नवा माल घेऊ नये हे खरे. पण ओळखीच्या मालासाठी गाडी पकडण्यापूर्वी हा शेकडा काढून पाहावा.

फेरी निश्चित झाली की तिकिटाचा विचार येतो. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी होत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांची झाली आहे. व्यापाराचे हंगाम पंचांगातच लिहिलेले असतात. अक्षय्य तृतीया केव्हा आणि दिवाळी केव्हा, हे वर्षाच्या आरंभी ठाऊक असताना तत्काळ तिकिटाचे जादा पैसे मोजणे ही केवळ आळसाची किंमत होय. त्यातही निश्चित झालेले तत्काळ तिकीट प्रवाशाने स्वतः रद्द केले, तर परतावा मिळत नाही. कौटुंबिक पेढ्यांना आणखी एक सोय आहे. गाडी सुटण्याच्या २४ तास आधी लेखी अर्ज दिल्यास निश्चित तिकीट आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी किंवा पती-पत्नी यांच्या नावे बदलून मिळते. वडिलांना जाणे जमले नाही, तर त्याच तिकिटावर मुलगा जाऊ शकतो.

कराची बाजूही समजून घ्यावी. वातानुकूलित डब्याच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी असतो. कामाच्या प्रवासासाठी आरक्षण करतानाच पेढीचा जीएसटी क्रमांक नोंदवला, तर त्याचे क्रेडिट घेता येते. हॉटेलचे गणित वेगळे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे; परंतु हॉटेलला तो कर इनपुट क्रेडिटविना भरावा लागतो. शिवाय निवासाचा कर हॉटेल ज्या राज्यात असेल तेथील धरला जातो. त्यामुळे महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला सुरतेच्या हॉटेलवरील कराचे क्रेडिट मिळत नाही. ‘बिल पेढीच्या नावे आहे, कर परत मिळेल’ या भरवशावर महाग खोली घेणाऱ्याची येथे फसगत होते. एका व्यक्तीस एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च आयकराच्या हिशेबात सहसा मान्य होत नाही, हेही स्मरणात ठेवावे.

चौविहार पाळणाऱ्या प्रवाशाने गाडीची वेळ निवडतानाच सूर्यास्त कोठे होईल ते पाहावे. घरून नेलेल्या दशम्या, खाखरा आणि सुका मेवा ही काटकसरही आहे आणि नियमाची सोयही. धर्मशाळेत उतरताना मात्र विवेक हवा. ती दात्यांनी यात्रेकरूंसाठी बांधलेली वास्तू आहे. व्यापाराच्या कामासाठी तेथे राहावयाचे, तर नोंदवहीत कारण खरे लिहावे, ठरलेले शुल्क पूर्ण द्यावे आणि यात्रेच्या गर्दीत खोली अडवू नये. दात्याच्या पैशाने पेढीचा खर्च भागवणे ही बचत नव्हे. मुनीम किंवा विक्रेता यांना पाठवताना त्यांच्या झोपेवरही बचत करू नये. रात्रभर उभ्याने प्रवास केलेल्या माणसाने सकाळी निवडलेला माल पुढे वर्षभर फडताळात पडून राहतो.

सर्वांत नाजूक हिशेब घरातला असतो. समजा, थोरला भाऊ खरेदीसाठी सुरतेस गेला आणि तेथून सहकुटुंब पालिताण्याची यात्रा करून आला. सुरतेपर्यंतचे त्याचे भाडे पेढीचे. कुटुंबाचे भाडे आणि पुढील यात्रा घरखर्चाची. सगळीच रक्कम पेढीच्या प्रवासखर्चात लिहिली, तर करखात्याची हरकत पुढे केव्हातरी येईल. परंतु धाकट्या भावाच्या मनात अढी त्याच दिवशी बसेल. तो काही बोलणार नाही. पुढच्या वर्षी आपल्या सासुरवाडीचा प्रवास तोही पेढीच्या खात्यात लिहील. एकत्र पेढ्या पुष्कळदा मोठ्या तोट्याने फुटत नाहीत. न बोललेल्या अशा लहान रकमांनी आतून उसवत जातात. म्हणून प्रवासाची पेढीची वही आणि घराची वही वेगळी असावी, आणि दोन्ही सर्वांना पाहावयास खुल्या असाव्यात.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे: कोणत्या दिशेस किती दूर जावयाचे, याची मर्यादा आधीच बांधून घेणे. निष्प्रयोजन कृतीपासून दूर राहण्यास सांगणारे अनर्थदंडविरमण व्रत त्याच्याच पंक्तीतले. या व्रतांचा हेतू पैसे वाचवणे हा नाही. तरीही निघण्यापूर्वी मर्यादा आणि प्रयोजन ठरवण्याची ज्याला सवय आहे, त्याच्या हातून प्रवासात उधळपट्टी सहसा होत नाही.

परतल्यावर त्याच संध्याकाळी वहीत चार ओळी लिहाव्यात: कोठे गेलो, किती दिवस लागले, किती खर्च झाला, कोणते काम झाले. वहीपूजनाच्या आधी घरातील कर्त्या मंडळींनी एकत्र बसून वर्षभराची ही पाने वाचावीत. पुढील वर्षी कोणत्या फेऱ्या टाळावयाच्या, ते त्याच पानांवर लिहिलेले असते.