बाबांचा मेनू आणि डिफॉल्टवाले

"अजून ते मेनू आणि थीमच बदलत बसतोस का रे?" गणपतीला घरी आलेल्या दादाने माझ्यासमोरच्या स्क्रीनकडे बघत विचारलं आणि सगळे हसले. मीही हसलो. रात्री मात्र झोप येईना, म्हणून हे लिहितोय.

दादा, तुझं अगदीच चुकलं असं नाही. २००६ मध्ये कॉम्पिझ आलं तेव्हा मी रात्र-रात्र जागून डळमळत्या खिडक्या आणि ठोकळ्यासारखे फिरणारे डेस्कटॉप बघत बसायचो. (मंडळी, तुमच्यापैकीही कितीतरी जण त्यात होते, नाही म्हणू नका!) तो निव्वळ चाळा होता, कबूल. पण परवा तू ज्या स्क्रीनला हसलास ती माझी नव्हतीच. बाबांची होती.

बाबांचा उजवा हात थरथरतो. डबल क्लिक करताना बाण मध्येच सरकतो, मग कॉम्प्युटर ते दोन वेगळे क्लिक समजतो, नाहीतर फाईल ओढली जाऊन भलत्याच फोल्डरात पडते. एक्सएफसीईच्या माऊस सेटिंगमध्ये दोन क्लिकमधला वेळ आणि अंतर दोन्ही वाढवता येतात. वाढवले. अल्ट दाबून धरलं की खिडकी कुठेही पकडून हलवता येते, वरची पट्टी नेमकी गाठावी लागत नाही. बाउन्स कीज चालू केल्यावर 'काका'चं 'कककाका' व्हायचं थांबलं. बंद करायचं बटण मोठं दिसेल अशी थीम लावली. एफ ८ वर नातवंडांचे फोटो. मेनूत पाचच नावं ठेवली आणि डॉट-डेस्कटॉप फायलींत एकेक ओळ घालून ती मराठीत केली. एकाचं नाव होतं 'पत्र लिही'. बाबा म्हणाले, "लिहा कर. त्याने मला अरेतुरे करायचं कारण नाही."

आता ज्यांच्यावर राग आहे त्यांच्याकडे वळतो. ग्नोमच्या हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००२ मध्येच मांडलं होतं की प्रत्येक जादा सेटिंगची किंमत मोजावी लागते. खरं आहे. प्रोग्रॅम गुंतागुंतीचा होतो, तपासणी वाढते. पण सेटिंग काढून टाकली तर ती किंमत नाहीशी होते का? ती फक्त दुसऱ्याच्या खिशातून जाते. २०११ च्या ग्नोम ३ मध्ये मिनिमाइझचं बटण मुळातच दिसेनासं झालं. २०१९ मध्ये काही अ‍ॅपकर्त्यांनी 'आमच्या अ‍ॅप्सना थीम लावू नका' असं खुलं पत्र काढलं. २०२२ च्या ग्नोम ४२ पासून लिबअ‍ॅडवेटावर बांधलेली अ‍ॅप्स बाहेरची थीम सरळ मार्गाने घेतच नाहीत. मग २०२४ मध्ये निवडायला नऊ रंग मिळाले. नऊ!

त्यांचीही बाजू आहे. कुणाच्या तरी थीममुळे बटण अदृश्य होतं आणि शिव्या अ‍ॅप लिहिणाऱ्याला बसतात. त्यातले कितीतरी जण फुकट काम करतात. त्या पत्रात वितरणांनी परस्पर थीम लादू नये असं म्हटलं होतं, तेवढं मलाही पटतं. पण "ही सेटिंग फारसं कुणी वापरत नाही" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. जे थोडे वापरतात ते कोण आहेत, हे कधी बघितलंत का? मोठी अक्षरं, हाय कॉन्ट्रास्ट अशी सोय वेगळी ठेवलेली असते, मान्य. पण बाबांचा हात कसा थरथरतो ते त्या यादीला कुठून माहीत असणार? आपली सोय आपणच करून घ्यायची जागा ठेवा, एवढंच मागणं आहे.

गेल्या महिन्यात एका अपडेटनंतर फोटो बघायचा प्रोग्रॅम स्वतःची पट्टी स्वतःच काढायला लागला. थीमचं मोठं बटण गेलं, कोपऱ्यात एवढीशी फुली उरली. बाबांनी फोटो बघणंच सोडलं. मला आठवडाभर पत्ता नाही. विचारलं तर म्हणाले, "उघडता येतात रे, बंद करता येत नाहीत."

दादा, तू हसलास तेव्हा मी एफ १२ ला 'खिडकी बंद करा' जोडत होतो. दिवाळीला येशील तेव्हा बाबांनाच दाखवायला सांग.