लोकांमधला पोलीस म्हणजे कुणामधला?

सरकारने अनुदान द्यावं आणि गावोगावी लोकांमधलाच पोलीस नेमावा, असं कुणी म्हटलं की टाळ्या पडतात. आम्ही विचारतो, लोकांमधला म्हणजे कुणामधला? गावातला की वस्तीतला?

असा माणूस आजही आहे. तो पोलीस पाटील. वंशपरंपरागत पाटीलकी गेली, १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने तो सरकारी नेमणुकीचा झाला. २०२४ मध्ये त्याचं मानधन ६,५०० वरून १५,००० रुपये झालं. म्हणजे पैसा आहे. प्रश्न आहे तो जबाबदारीचा. वस्तीवर दगड पडला तर हा माणूस ठाण्यात खबर देणार, की 'गावातच मिटवा' म्हणणार?

गावाची राखण आपल्याला नवी नाही. महार वतनात राखण आपण केली, हुकूम मात्र पाटलाचा चालला. ती गुलामी मोडण्यासाठीच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं.

म्हणून नुसता निधी मागू नका, हक्क मागा. ॲट्रॉसिटी नियम १९९५ मधला नियम १३ सांगतो की पोलीस चौकी आणि ठाण्यातही अनुसूचित जाती-जमातींना पुरेसं प्रतिनिधित्व हवं. नियम १७ सांगतो की जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी.

वालचंदनगर, इंदापूर, बारामतीच्या तरुणांनो, माहिती अधिकारात अर्ज टाका. पोलीस पाटलांची पदं किती, राखीव किती, रिक्त किती? दक्षता समितीच्या बैठकांची इतिवृत्तं कुठे आहेत? उत्तर हातात घ्या, मग निधीचं बोलू.

जय भीम! जय संविधान!